मागच्या पानावरचा तोटा

गेल्या रविवारी आषाढीच्या भजनाला गेले होते. भजन संपलं, साबुदाण्याच्या खिचडीची ताटली हातात आली आणि तिघींनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. ऑस्ट्रेलियात भाड्याने दिलेल्या घरात तोटा झाला, पण तो वजा करायला पगारच नव्हता, मग त्या तोट्याचं होतं काय? या अंकासाठी आलेल्या पत्रांतही तेच होतं. म्हणून या वेळचं सदर याच एका विषयाला दिलं आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे दर आणि मर्यादा २०२४-२५ च्या, म्हणजे ३० जून २०२५ ला संपलेल्या वर्षाच्या आहेत.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. टारनीटला (मेलबर्न, व्हिक्टोरिया) आमचं भाड्याने दिलेलं घर आहे, नवऱ्याच्या आणि माझ्या नावावर निम्मं-निम्मं. धाकटीचा जन्म ऑगस्ट २०२२ चा. तेव्हापासून यंदाच्या मार्चपर्यंत मी घरीच होते. पगार नव्हता, सुरुवातीला सरकारकडून पालक-रजेचे अठरा आठवड्यांचे पैसे आले तेवढेच. घराचा माझ्या वाट्याचा तोटा २०२२-२३ मध्ये ७,८८० आणि २०२३-२४ मध्ये ११,१२० डॉलर होता. उत्पन्नच नाही म्हणून त्या दोन्ही वर्षांची रिटर्न्स भरली नाहीत. १ एप्रिलपासून मी पुन्हा नोकरीला लागले, वर्षाला ८४,००० वर. जूनअखेरपर्यंत २१,००० मिळाले. हा १९,००० चा तोटा मला पुढच्या वर्षी, पूर्ण पगार असताना वापरायचा आहे. चालेल ना? माझा भाऊ पुण्यात सीए आहे, तो म्हणतो की आठ वर्षांत वापरला नाही तर तोटा बुडतो. आणि हे जमत नसेल तर सगळा तोटा नवऱ्याच्या रिटर्नमध्ये दाखवता येईल का? २०२३-२४ चा हिशेब सोबत जोडला आहे.
— एक वाचक, टारनीट

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उत्तर तुम्हाला हवं तसं नाही, म्हणून ते आकड्यांनिशीच देते.

तुमचा हिशेब व्यवस्थित आहे. आठवड्याला ४८० प्रमाणे वर्षाचं भाडं २४,९६० डॉलर. ५ लाख ४० हजारांच्या कर्जावर व्याज ३३,२००. एजंटचे १,९००, कौन्सिलचे २,१००, पाण्याचे ९००, विमा १,५००, किरकोळ दुरुस्त्या १,०००, लँड टॅक्स ९७५ आणि बांधकामाच्या खर्चावर दरसाल अडीच टक्क्यांनी मिळणारी वजावट ५,६२५. एकूण खर्च ४७,२००, तोटा २२,२४०, तुमचा निम्मा वाटा ११,१२०. यालाच निगेटिव्ह गिअरिंग म्हणतात. घराचं कर्ज आणि खर्च भाड्यापेक्षा जास्त, आणि ती तूट पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा होते. तुमच्या नवऱ्याचं त्या वर्षी तसंच झालं असणार. त्यांचा पगार तुम्ही लिहिलेला नाही. तो लाखाच्या आसपास असेल तर त्या वर्षीच्या साडेबत्तीस टक्के दराने आणि सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या दोन टक्के मेडिकेअर लेव्हीने त्यांच्या ११,१२० च्या तोट्यापोटी साधारण ३,८३६ डॉलर कर वाचला.

तुमचा तोटा मात्र वजा व्हायला उत्पन्नच नव्हतं. अशा वेळी तो पुढच्या वर्षात ओढला जातो, आणि गोंधळ सुरू होतो तो इथे. पुष्कळ जण समजतात की भाड्याच्या घराचा तोटा आपोआप एका डब्यात साठतो आणि हवा तेव्हा काढता येतो. तसं नाही. दर वर्षी घराचा तोटा आधी त्याच वर्षाच्या तुमच्या बाकी सगळ्या उत्पन्नातून वजा करायचा. उत्पन्न शून्यावर आलं आणि तरीही तोटा उरला, तर तेवढाच उरलेला पुढे जातो.

आता २०२२-२३ बघा. तुम्ही लिहिता पगार नव्हता. पण पालक-रजेचे सरकारी पैसे हे करपात्र उत्पन्न आहे. त्या वर्षीच्या दराने अठरा आठवड्यांचे १४,६२४ डॉलर होतात. त्यातून ७,८८० गेले, उरले ६,७४४. करमुक्त मर्यादा १८,२०० ची, म्हणजे कर शून्य. पण तोटाही संपला. तो पुढे येत नाही. हे मी दर वर्षी निदान दहा-बारा आयांना सांगते आणि प्रत्येकीचा चेहरा तसाच पडतो. तोटा नसता तरी १४,६२४ वर कर लागलाच नसता, म्हणजे ७,८८० डॉलरचा तोटा कोणाचाही एक डॉलर न वाचवता खर्ची पडला.

राहिले २०२३-२४ चे ११,१२०. त्या वर्षी तुम्हाला दुसरं काहीच उत्पन्न नव्हतं, म्हणून ते पूर्ण पुढे आले. ते आता २०२५-२६ साठी राखून ठेवता येतील का?

नाही येणार. माझे वडील इचलकरंजीला एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर जमाखर्च लिहीत. रोजमेळाच्या पानाच्या तळाशी जी बाकी राहील ती लगेच पुढच्या पानाच्या माथ्यावर यायलाच हवी, मधली पानं सोडून सोयीच्या पानावर ती मांडता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा नियम व्यक्तींसाठी नेमका असाच आहे. मागच्या पानावरचा तोटा पुढच्या वर्षी डोक्यावर येऊन बसतो आणि त्या वर्षीच्या उत्पन्नातून आधी तो वजा होतो. यंदा दर कमी आहे, पुढच्या वर्षी जास्त असेल, म्हणून थांबतो, असं म्हणायची मुभा नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली असलं तरीही नाही.

त्यामुळे तुमचं २०२४-२५ असं दिसतं. पगार २१,०००. यंदाचा घराचा तुमचा वाटा मी तुमच्या एजंटच्या पत्रकावरून ९,४०० धरला आहे. राहिले ११,६००. त्यातून मागचे ११,१२० गेले. करपात्र उत्पन्न ४८० डॉलर, आणि पुढे ओढायला काहीही नाही. तोटा वजा न करता ११,६०० वर कर किती बसला असता? शून्यच. तोच तोटा पुढच्या वर्षी ८४,००० च्या पगारातून वजा झाला असता तर तीस टक्के आणि लेव्हीचे दोन, असे ३,५५८ डॉलर वाचले असते. एका घराचा, एका वर्षाचा, सारखाच निम्मा-निम्मा तोटा. नवऱ्याला ३,८३६ मिळाले, तुम्हाला काही नाही. हे मला फार लागतं. मूल सांभाळायला घरी राहिलेल्या माणसाचाच तोटा असा जातो, आणि आपल्या घरांत ते माणूस बहुतेक वेळा बाईच असते.

सगळा तोटा नवऱ्याच्या नावावर दाखवता येत नाही. भाडं आणि तोटा दोन्ही टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या हिश्श्याप्रमाणे वाटले जातात. हप्ते त्यांच्या खात्यातून जातात, भाडंही त्यांच्याच खात्यात येतं, तरी फरक पडत नाही. आणि आता टायटल बदलावं म्हणाल, तर व्हिक्टोरियात १ जुलै २०१७ पासून नवरा-बायकोतल्या हस्तांतरणाला स्टॅम्प ड्यूटीची माफी फक्त राहत्या घरासाठी आहे. भाड्याच्या घरावर ड्यूटी बसेल, शिवाय तुमचा हिस्सा तुम्ही विकला असं धरून भांडवली नफ्याचा हिशेबही होईल.

नवीन घर घेताना मात्र हा विचार आधी करता येतो. पुढची तीन-चार वर्षं कोण घरी असणार, हे ठाऊक असेल तर ९९ आणि १ अशा हिश्श्यानेही घर घेता येतं. कित्येक सल्लागार डोळे मिटून तेच सांगतात. माझं मत वेगळं आहे आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. नवरा अचानक गेलेला, युनिट त्याच्या एकट्याच्या नावावर, 'टॅक्ससाठी' म्हणून. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, होईपर्यंत सात महिने त्यांना ना ते विकता आलं ना त्यावरचं कर्ज बदलता आलं, आणि हप्ते चालूच. दोघांची नावं जॉइंट टेनंट्स म्हणून असती तर मृत्यूचा दाखला नोंदवून घर त्यांच्या नावावर झालं असतं. वर्षाच्या तीन हजार डॉलरसाठी बाईचं नाव टायटलवरून काढावं असा सल्ला मी माझ्या मुलीला देणार नाही, आणि तुम्हालाही देत नाही.

भाऊ सांगतात तो आठ वर्षांचा नियम भारताचा आहे, आणि तिथे तो बरोबर आहे. भारतात जुन्या करपद्धतीत घराच्या उत्पन्नातला तोटा वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंतच इतर उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेला आठ वर्षं, तोही घराच्याच उत्पन्नातून. ऑस्ट्रेलियात व्यक्तींना वर्षांची मर्यादा नाही. वीस वर्षं उत्पन्न नसेल तर वीस वर्षं तोटा पुढे येत राहील.

आता करायचं काय ते सांगते. राहिलेली दोन्ही रिटर्न्स या महिन्यात भरा. 'उत्पन्न नाही म्हणून रिटर्न नाही' हा समज चुकीचा आहे. तोटा झाला असेल किंवा मागचा वापरायचा असेल तरी रिटर्न भरावं लागतं, शिवाय भाडं हे उत्पन्न आहेच. कर निघत नसेल तर उशिराचा दंड सहसा लावत नाहीत. पालक-रजेच्या पैशांतून काही कर कापला गेला असेल तर तो परत मिळेल, तेव्हा २०२२-२३ चं रिटर्न भरणं फुकट जाणार नाही. २०२४-२५ मध्ये भाड्याचा हिशेब २१ क्रमांकाच्या कलमात आणि मागचा तोटा एल १ मध्ये जाईल. एप्रिलपासून पगारातून कापलेला सगळा कर परत येईल, मात्र तो तोट्यामुळे येतोय असं समजू नका, तो तसाही आला असता.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण एजंटच्या पत्रकात दिसली. २३ जूनला बाथरूमच्या गळतीचे २,६०० दिलेत. भाडेकरूचं बाथरूम गळत असेल तर काम लगेच करायला हवं आणि तुम्ही केलंत ते योग्यच. पण घाईचं नसलेलं काम, कुंपणाची दुरुस्ती किंवा रंगाचा हात, कमी उत्पन्नाच्या वर्षात जूनमध्ये करू नका. सगळीकडे ऐकू येतं की खर्च ३० जूनच्या आत करा. तुमच्यासारखीला ते उलटं लागू आहे. काम आणि बिल दोन्ही जुलैत गेली असती तर तुमच्या वाट्याचे १,३०० पुढच्या वर्षी बत्तीस टक्क्यांनी वजा होऊन ४१६ डॉलर वाचले असते. नुसते पैसे उशिरा देऊन उपयोग नाही, काम जूनमध्ये झालं की खर्च जूनचाच.

चाइल्डकेअर सबसिडीसाठी, म्हणजे पाळणाघराच्या फीवरच्या सरकारी मदतीसाठी, उत्पन्नाचा अंदाज देताना घराचा त्या वर्षीचा तोटा पुन्हा उत्पन्नात मिळवला जातो, हेही लक्षात ठेवा. ८४,००० पगार आणि ९,००० तोटा म्हणजे कर भरताना ७५,०००, पण सबसिडीसाठी ८४,०००. पंचाहत्तर सांगाल तर वर्षाअखेर पैसे परत द्यावे लागतील.

प्रश्न: आम्ही सिडनीत होतो. डिसेंबर २०१५ मध्ये वेस्टमीडला युनिट घेतलं, त्यातच राहिलो, आणि डिसेंबर २०२१ मध्ये कायमचे पुण्याला परत आलो. तेव्हापासून युनिट भाड्याने आहे. माझी नोकरी पुण्यात, ऑस्ट्रेलियात दुसरं उत्पन्न नाही. गेल्या तीन आर्थिक वर्षांचा मिळून ३१,४०० डॉलरचा तोटा पुढे ओढलेला आहे, रिटर्न्स दर वर्षी भरली आहेत. आता या डिसेंबरमध्ये ६ लाख ९० हजारांना विकायचा विचार आहे. नफा साधारण ९५,००० दिसतो. हा तोटा त्यातून वजा होईल का? आम्ही स्वतः तिथे राहत होतो, तर त्या काळाचा कर माफ ना?
— एक वाचक, बावधन, पुणे

उत्तर: रिटर्न्स वेळेवर भरलीत, त्याचा आता उपयोग होईल. तोटा वजा होतो. हा शेअर विकून झालेल्या तोट्यासारखा भांडवली तोटा नाही. भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातूनच जातो, पण भाड्याच्या घराचा पुढे ओढलेला तोटा कुठल्याही करपात्र उत्पन्नातून जातो, आणि भांडवली नफा त्यात आलाच. वरच्या टारनीटच्या ताईंना जो फटका बसला तो तुम्हाला बसणार नाही. तुमच्यासारख्या, करासाठी परदेशी रहिवासी ठरणाऱ्या माणसाला १८,२०० ची करमुक्त मर्यादाच नाही, पहिल्या डॉलरपासून तीस टक्के. म्हणजे तुमच्या तोट्याचा प्रत्येक डॉलर तीस सेंट वाचवतो. तुमचा पुण्यातला पगारही हा तोटा खात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. विक्रीचा करार करताना तुम्ही ऑस्ट्रेलियाचे कररहिवासी नसाल तर राहत्या घराची माफी मिळत नाही. ३० जून २०२० नंतरच्या विक्रीला हे लागू आहे, आणि ते तुम्ही भाड्याने दिलेल्या वर्षांपुरतं नाही. तुम्ही स्वतः राहिलात ती सहा वर्षंही करपात्र होतात. सहा वर्षांपर्यंत बाहेर राहिलात तरी घर राहतं धरण्याची जी सवलत सगळ्यांना ऐकून ठाऊक असते, तीही परदेशी रहिवाशाला नाही. मृत्यू अटळ असलेला आजार, जोडीदाराचा किंवा अठरा वर्षांखालच्या मुलाचा मृत्यू किंवा घटस्फोट अशा काही प्रसंगांचा अपवाद आहे, तोही रहिवास सुटल्यापासून सहा वर्षांच्या आत. तुम्ही 'कायमचे' परत आलो असं लिहिलंय म्हणून हा हिशेब. पण सिडनीला परत जायचा विचार घरात खरोखर चालू असेल, मुलांच्या शिक्षणासाठी म्हणा, तर आधी विकू नका. पुन्हा रहिवासी होऊन डिसेंबर २०२७ च्या आत विकलंत तर माफी पूर्ण मिळू शकते. करासाठी जाऊ नका, पण जाणारच असाल तर क्रम महत्त्वाचा आहे.

आता आकडे. वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या मालमत्तेवर नफ्यात निम्मी सूट असते, पण तुम्हाला ती फक्त रहिवासी होतात त्या दिवसांपुरती. दहा वर्षांपैकी सहा, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या जागी साधारण तीस टक्के. ९५,००० मधून २८,५०० गेले, राहिले ६६,५००. त्यातून ३१,४०० चा तोटा गेला की ३५,१००, आणि त्यावर तीस टक्के म्हणजे १०,५३० डॉलर कर. विक्रीच्या वर्षाचा भाड्याचा हिशेब त्यात अजून धरायचा आहे. ९५,००० चा नफा काढताना बांधकामाची दरसाल घेतलेली वजावट खरेदी किमतीतून कमी केलीत ना, तेवढं तपासा. बहुतेक जण विसरतात आणि नफा कमी दिसतो.

यापेक्षा मोठी काळजी सेटलमेंटच्या, म्हणजे पैसे देऊन व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवसाची आहे. १ जानेवारी २०२५ पासून परदेशी रहिवासी घर विकतो तेव्हा खरेदीदाराला किमतीच्या पंधरा टक्के रक्कम कापून टॅक्स ऑफिसला भरावी लागते, किंमत कितीही असो. नफ्याच्या नाही, किमतीच्या. ६ लाख ९० हजारांवर १ लाख ३ हजार ५०० डॉलर. तुमचा खरा कर त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. उरलेले पैसे पुढच्या जुलैनंतर रिटर्न भरेपर्यंत अडकतात, आणि बँकेचं कर्ज फेडायला सेटलमेंटला पैसे कमी पडले तर व्यवहारच अडतो. यावर उपाय म्हणजे ही कपात कमी करून मिळावी असा अर्ज, आणि पुढे ओढलेला तोटा हे त्यासाठी सांगता येणारं कारण आहे. अर्जाला तिन्ही वर्षांची रिटर्न्स, त्यांच्या असेसमेंट नोटिसा आणि नफ्याचा तक्ता जोडा. करार झाला की त्याच आठवड्यात अर्ज करा, सेटलमेंटच्या आदल्या दिवशी नाही.

भारताची वही पूर्ण वेगळी. तुम्ही तिथले रहिवासी असाल तर हे भाडं आणि हा नफा तिथेही दाखवायचा, ऑस्ट्रेलियात भरलेल्या कराचं श्रेय मिळतं. पण ऑस्ट्रेलियातला ३१,४०० चा तोटा भारतात तसाच उचलून मांडता येत नाही, तिथला तिथल्या नियमांनी काढावा लागतो. त्यासाठी पुण्यातल्या सीएकडेच जा.

प्रश्न: ॲडलेडला माझं एक भाड्याचं घर आहे. दोन वर्षं पूर्णवेळ मास्टर्स करत होतो, घर बायकोच्या पगारावर चाललं. त्या दोन वर्षांचा भाड्याच्या घराचा २६,००० डॉलर तोटा पुढे ओढलाय आणि यंदा नोकरीतून वजा करणार आहे. कर्ज ४ लाख २० हजार. त्यातले ६०,००० मी शिक्षण सुरू करण्याआधी रीड्रॉ करून, म्हणजे कर्जात जास्तीचे भरलेले पैसे परत काढून, आई-वडिलांना नाशिकला फ्लॅट घ्यायला पाठवले होते. शिकताना विद्यापीठाची ५,००० ची शिष्यवृत्ती होती, ती करमुक्त आहे म्हणून धरली नाही. काही राहिलं का?
— एक वाचक, ॲडलेड

उत्तर: दोन गोष्टी राहिल्या, आणि दोन्ही तुमच्या विरुद्ध आहेत. आता सांगते कारण अजून रिटर्न भरलेलं नाही.

व्याजाची वजावट घर कुठलं तारण आहे यावर ठरत नाही, पैसे कशासाठी वापरले यावर ठरते. आई-वडिलांच्या राहत्या फ्लॅटसाठी काढलेले ६०,००० हे घरगुती कर्ज आहे. ४ लाख २० हजारांत त्याचा वाटा एक सप्तमांश. दोन वर्षांचं व्याज तुम्ही ५०,४०० धरलंय, त्यातले ७,२०० धरता येत नाहीत. तोटा १८,८०० वर आला. शिष्यवृत्ती करमुक्त आहे हे खरं, पण पुढे ओढायचा तोटा काढताना त्या वर्षीचं करमुक्त उत्पन्नही आधी वजा होतं. हे फार थोड्यांना माहीत असतं. राहिले १३,८००. मागची दोन्ही रिटर्न्स दुरुस्त करून घ्या.

आई-वडिलांसाठी पैसे काढलेत यात चुकलं काहीच नाही. रस्ता चुकला. तेच ६०,००० कर्जात भरून टाकण्याऐवजी ऑफसेट खात्यात, म्हणजे कर्जाला जोडलेल्या बचत खात्यात, ठेवले असते आणि तिथून पाठवले असते तर ते तुमच्या स्वतःच्या बचतीतून गेले असते आणि कर्जाचं व्याज पूर्ण वजा झालं असतं. रीड्रॉ म्हणजे नवं कर्ज. दोन्हींत व्याज सारखंच वाचतं, म्हणून बँकेतला माणूस दोन्ही एकच म्हणून सांगतो. आता बँकेला सांगून कर्जाचे दोन वेगळे भाग करून घ्या, ३ लाख ६० हजार आणि ६० हजार, आणि जास्तीचे पैसे दुसऱ्या भागात भरा. एकाच कर्जात भरत राहिलात तर प्रत्येक हप्ता दोन्हींत वाटला जातो आणि हा गुणाकार-भागाकार कर्ज संपेपर्यंत करावा लागतो.

पावत्या, बँकेची पत्रकं, कर्जाचे कागद फेकू नका. एरवी पाच वर्षं ठेवायचे असतात. पुढे ओढलेल्या तोट्याचे कागद मात्र तो तोटा पूर्ण वापरला गेला त्या वर्षाचं रिटर्न भरल्यापासून पाच वर्षं ठेवावेत असं मी सांगते. तोटा २०२२-२३ चा आणि वापर २०२४-२५ मध्ये, तर विचारणा वापराच्या वर्षी येऊ शकते. आणि बँकांकडून भाड्याच्या घरांच्या कर्जाची माहिती टॅक्स ऑफिसकडे जाते, तेव्हा तो रीड्रॉ फक्त तुम्हालाच ठाऊक आहे असं समजू नका.

प्रश्न: माझा मावसभाऊ ऑकलंडला असतो. तो म्हणतो निगेटिव्ह गिअरिंग वगैरे काही नसतं, तोटा पगारातून वजा होतच नाही, नुसता साठत जातो. आमच्याकडे तर मी दर वर्षी वजा करतोय. कोणाचं चुकतंय?
— एक वाचक, डॅंडेनॉंग

उत्तर: कोणाचंच नाही. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून सुरू झालेल्या वर्षापासून भाड्याच्या राहत्या घरांचा तोटा कुंपणात घातलेला आहे. तो पगारातून जात नाही, पुढच्या वर्षांच्या घरांच्याच उत्पन्नातून जातो. ऑस्ट्रेलियातही हे करून झालंय. हॉक-कीटिंग सरकारने १७ जुलै १९८५ नंतर घेतलेल्या घरांना असाच नियम लावला होता आणि सप्टेंबर १९८७ मध्ये तो मागे घेतला.

मावसभावाच्या नियमात एक गोष्ट बघा. त्याची बायको बाळंतपणासाठी दोन वर्षं घरी राहिली तरी तिचा तोटा रजेच्या पैशांत विरघळत नाही. घर भाड्यात नफा देऊ लागेपर्यंत तो तिच्या नावावर शाबूत राहतो. पगारातून वजा करायची सोय त्याला नाही, पण टारनीटच्या ताईंचे ७,८८० ऑकलंडला गेले नसते.